उचलून आणणाऱ्याचं काय करायचं?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे रात्री जेवणं झाल्यावर, सांगली जिल्ह्यातून माझ्या मामांचा फोन आला. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतले नऊ लाख त्यांनी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले. व्याज बँकेपेक्षा जास्त, आणि चेअरमन ओळखीचा, घरच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसलेला. पुढचं तुम्हाला सांगायला नको. संस्थेला कुलूप लागलं, गुन्हा दाखल झाला, दोन संचालक आत गेले आणि जामिनावर बाहेर आले. चेअरमन मात्र त्याआधीच आखातात निघून गेला होता. गावातल्या कुणाच्या तरी मेहुण्याने त्याला तिथल्या एका मॉलमध्ये पाहिलं म्हणे, हातात पिशव्या घेऊन फिरताना.

मामांनी इकडची-तिकडची विचारपूस केली आणि मग मुद्द्यावर आले. "पोरी, तुमच्याकडं ती माणसं असत्यात न्हवं, पैसे घिऊन फरारी माणूस धरून आणणारी? नातवानं मला मोबाइलवर दाखवलं. लांब केसांचा, काळा गॉगलवाला एक हाय."

"बाउंटी हंटर, मामा."

"व्हय, तेच. आम्ही ठेवीदार माणशी हजार रुपये वर्गणी काढतो. तू फक्त इचारून सांग, रेट काय असतो."

मला हसू आलं, पण लगेच आवरलं, कारण मामा चेष्टा करत नव्हते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. अठ्ठावीस वर्षं तिकिटांचा हिशोब चोख ठेवला आणि आता कृती समितीच्या बैठकांना जाऊन जाऊन चपला झिजवतोय. मी म्हटलं, "मामा, मला थोडे दिवस द्या. नीट माहिती काढून सांगते." ती काढताना जे वाचलं, त्यावरून हा लेख लिहितेय. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी आणखी कुणाला असा फोन आला नसेल, असं मला वाटत नाही.

मी कॅलिफोर्नियात व्हेंच्युरा काउंटीत राहते. ज्युरीचं समन्स आलं तेव्हा पहिल्यांदा इथल्या कोर्टात गेले. अमेरिकेत कुठल्याही मोठ्या कोर्टाच्या किंवा तुरुंगाच्या आसपास "बेल बॉण्ड्स, २४ तास" अशा पाट्या दिसतात. आपल्याकडे जामीनदार म्हणजे काका, मेव्हणा, नाहीतर शेजारी. तो ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टात उभा राहतो आणि आरोपी पळाला तर नाव त्याचं जातं. इथे तो धंदा आहे. न्यायाधीशाने पन्नास हजार डॉलरचा जामीन ठरवला, तर आरोपी साधारण दहा टक्के, म्हणजे पाच हजार, या दुकानदाराला देतो. ते परत मिळत नाहीत. उरलेल्याची हमी दुकानदार घेतो. आरोपी तारखेला आला नाही तर ती रक्कम दुकानदाराच्या अंगावर येते, म्हणून तो माणूस लावून आरोपीला शोधतो. हा लावलेला माणूस म्हणजे बाउंटी हंटर. असा व्यापारी जामीन जगात जवळपास अमेरिका आणि फिलिपिन्समध्येच चालतो. अमेरिकेतही इलिनॉय, केंटकी, ओरेगन, विस्कॉन्सिन या राज्यांनी तो बंद केला आहे. आमच्या कॅलिफोर्नियात २०२० मध्ये लोकांना मतदानाने विचारलं, तेव्हा लोकांनी रोख जामिनाची पद्धत राहू दिली.

या माणसांना एवढे अधिकार कुठून आले? १८७२ च्या टेलर विरुद्ध टेंटर खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने जाता जाता एक मत नोंदवलं. जामीनदार आपल्या आरोपीला कधीही पकडू शकतो, त्याच्यामागे दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो, गरज पडली तर त्याच्या घरात शिरू शकतो, असं त्याचं सार. त्या एका परिच्छेदावर हा धंदा दीडशे वर्षं उभा आहे. नंतर बऱ्याच राज्यांनी त्याला लगाम घातले. कॅलिफोर्नियात तर माणूस पकडायला जाण्याआधी स्थानिक पोलिसांना कळवावं लागतं. पण त्या निकालातलं "दुसरं राज्य" म्हणजे न्यूयॉर्क, मेन, फार तर टेक्सास. दुसरा देश नव्हे.

मामांनी पाहिलेला लांब केसांचा माणूस म्हणजे हवाईचा ड्वेन चॅपमन, ज्याला सगळे "डॉग" म्हणतात. तो जगप्रसिद्ध झाला तो आमच्याच काउंटीतल्या खटल्यामुळे. अँड्र्यू लस्टर हा मॅक्स फॅक्टर या सौंदर्यप्रसाधनांच्या घराण्याचा वारस. स्त्रियांना गुंगीचं औषध देऊन त्यांच्यावर बलात्कार केल्याचे आरोप त्याच्यावर होते. दहा लाख डॉलरच्या जामिनावर तो बाहेर होता आणि जानेवारी २००३ मध्ये, खटला चालू असतानाच, पळून गेला. त्याच्या गैरहजेरीत ज्युरीने त्याला ८६ गुन्ह्यांत दोषी ठरवलं आणि न्यायाधीशांनी १२४ वर्षांची शिक्षा दिली. पण माणूस कुठे होता? मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्वेर्तो वायार्ता नावाच्या पर्यटकांच्या गावात, मजेत.

१८ जून २००३ च्या पहाटे चॅपमन, त्याचा मुलगा आणि आणखी एक साथीदार यांनी त्याला तिथल्या रस्त्यावर पकडला. मेक्सिकोच्या पोलिसांनी सगळ्यांनाच ताब्यात घेतलं. लस्टरला लगोलग अमेरिकेत पाठवून दिलं आणि तो शिक्षा भोगायला गेला. चॅपमन आणि साथीदारांवर मात्र माणसाचं स्वातंत्र्य हिरावल्याचा गुन्हा दाखल झाला, कारण मेक्सिकोत बक्षिसासाठी माणूस पकडणं हा धंदा नाही, गुन्हा आहे. त्यांना जामीन मिळाला आणि तिघे मेक्सिको सोडून निघून आले. इथे मला जरा थांबावंसं वाटतं. जामीन मोडून पळालेल्याला पकडायला गेलेले स्वतः जामिनावर सुटले, देशाबाहेर निघून आले आणि फरारी ठरले.

सप्टेंबर २००६ मध्ये मेक्सिकोच्या मागणीवरून अमेरिकी मार्शलांनी तिघांना हवाईत अटक केली. मग काय, एकच गदारोळ. तोवर चॅपमनचा टीव्हीवरचा कार्यक्रम घरोघरी पोचला होता. बलात्काऱ्याला पकडणाऱ्यालाच परक्या देशाच्या हवाली करता? काँग्रेसच्या सदस्यांनी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझा राइस यांना पत्र लिहिलं, हवाईच्या विधिमंडळात त्याच्या बाजूने ठराव झाला. शेवटी प्रकरण निकालाला गेलंच नाही. २००७ मध्ये मेक्सिकोतल्या न्यायालयाने मुदत उलटल्याच्या कारणावरून आरोप रद्द केले आणि होनोलुलूच्या न्यायाधीशांनी प्रत्यार्पणाची फाइल बंद केली. चॅपमनचं कौतुक पुढे अनेक वर्षं चालू राहिलं.

मला लस्टरबद्दल काडीची सहानुभूती नाही. त्या रस्त्यावर मी असते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. तरीही माझं मत असं आहे की मेक्सिकोने मागितल्यावर चॅपमनला मेक्सिकोच्या न्यायालयात उभं राहायला पाठवायला हवं होतं, आणि असा कुठलाही माणूस, ज्या देशात त्याने दुसऱ्याला उचललं त्या देशाने मागितला, तर दिला गेला पाहिजे. पकडलेला माणूस किती वाईट होता, हे शिक्षा ठरवताना बघावं. द्यायचं की नाही हे ठरवताना बघू नये.

हे अमेरिकेला अगदीच अमान्य आहे असंही नाही. चॅपमनच्या वीस वर्षं आधी एक प्रकरण झालं होतं, त्याला टीव्ही नव्हता म्हणून ते कुणाच्या लक्षात नाही. सिडनी जॅफी नावाचा जमिनीचा व्यावसायिक टोरांटोत राहत होता. फ्लोरिडातल्या जमीनविक्रीच्या गैरव्यवहाराचा खटला सोडून तो तिकडे राहिला होता. सप्टेंबर १९८१ मध्ये जामीन कंपनीच्या दोन माणसांनी त्याला त्याच्या घराजवळून उचललं, गाडीत घातलं, सीमा ओलांडून न्यूयॉर्क राज्यात आणलं आणि तिथून विमानाने फ्लोरिडाला पोचवलं. तिथे त्याला जबर शिक्षा झाली. कॅनडा संतापला आणि त्याने त्या दोघांना अपहरणाचे आरोपी म्हणून मागितलं. त्यांच्यापैकी एकाने वर सांगितलेला १८७२ चा निकाल पुढे केला. अपील न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितलं, तो अधिकार देशाच्या सीमेबाहेर चालत नाही, आणि प्रत्यार्पणाला मंजुरी दिली. दोघेही कॅनडात दोषी ठरले. जॅफी दोनेक वर्षांनी तुरुंगातून बाहेर आला. १९८८ मध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पत्रं देऊन-घेऊन मान्य केलं की बाउंटी हंटरने सीमेपलीकडून माणूस उचलणं हा प्रत्यार्पणाजोगा गुन्हा आहे. कॅनडाच्या वाट्याला जे आलं ते मेक्सिकोच्या वाट्याला का आलं नाही, याचं उत्तर ज्याने-त्याने आपल्या मनाशी द्यावं.

पण माझं मत पक्कं झालं ते याहून जुन्या एका खटल्याने. तो वाचताना मामांच्या चेअरमनचा चेहरा सारखा डोळ्यांसमोर येत होता. फ्रेडरिक कर हा शिकागोतल्या एका बँकेचा नोकर, पैसे खाऊन दक्षिण अमेरिकेत पेरू देशात पळाला. १८८३ मध्ये ज्युलियन नावाचा माणूस प्रत्यार्पणाचे रीतसर कागद खिशात घेऊन लिमाला गेला. तेव्हा लिमा चिलीच्या सैन्याच्या ताब्यात होतं. ज्युलियनने कागद कुणाला दाखवलेच नाहीत. सरळ कराला धरला आणि अमेरिकी जहाजावर चढवला. शिकागोत कर म्हणाला, मला पळवून आणलंय, माझ्यावर खटला चालवता येणार नाही. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं फेटाळलं. माणूस कसा आणला हे आम्ही बघत नाही, तो कोर्टापुढे आहे एवढं पुरे.

हा निकाल वकील मंडळी आजही सांगतात, पण अर्धाच. त्याच निकालात, थोडं पुढे, न्यायालय म्हणतं की यामुळे पेरू काही हात बांधून बसलेला नाही. पेरूबरोबरच्या करारात अपहरणाचा गुन्हा आहे. पेरूने मागितलं तर ज्युलियनला तिकडे सोपवून त्याच्यावर खटला चालवता येईल. म्हणजे चोराला चोरीची शिक्षा, आणि पळवून आणणाऱ्याला पळवण्याची. एकाने दुसरं फिटत नाही. आणि यात एक सरळ हिशोब आहे. पळवून आणलेल्या माणसाला कोर्ट सोडणार नसेल, तर दुसऱ्याच्या देशात घुसून माणसं उचलायला अडवणारी गोष्ट उरते कोणती? एकच. उचलणाऱ्यालाही उद्या तिथल्या कोर्टात उभं राहावं लागेल, ही धास्ती. ती काढून घेतली की दोन्ही बाजूंनी रान मोकळं.

ते रान मोकळं सोडलं की काय होतं, हे १९९० मध्ये दिसलं. ग्वादालाहाराचे डॉक्टर उम्बेर्तो आल्वारेझ माचाइन यांना काही माणसांनी त्यांच्या दवाखान्यातून उचललं आणि टेक्सासला आणून सोडलं. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने त्यासाठी बक्षीस देऊ केलं होतं. त्या खात्याच्या एका अधिकाऱ्याच्या छळात आणि खुनात डॉक्टरांचा हात होता, असा आरोप होता. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, खटला चालेल. त्याच डिसेंबरात खटला चालला आणि न्यायाधीशांनी पुरावा अपुरा म्हणून डॉक्टरांना सोडून दिलं. मेक्सिकोने त्यांना पळवणाऱ्यांची मागणी केली होती, ती अमेरिकेने मान्य केली नाही. पुढे १९९४ मध्ये असले प्रकार थांबवण्यासाठी दोन देशांनी करारावर सह्या केल्या, तो आजतागायत अमलात आलेला नाही. उचललेला प्रत्येक जण लस्टर असेल, असं गृहीत धरणाऱ्यांनी या डॉक्टरांची आठवण ठेवावी.

आता हे सगळं मामांना सांगायचं कसं? मी पुन्हा फोन केला तेव्हा आधी जॅफीची गोष्ट सांगितली. मामा शांतपणे ऐकत होते, पण मनातून पटलेलं नव्हतं. "इस्रायलनं त्या नाझीला न्हाई का उचलून आणला?" मामा वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणाऱ्यांतले. होय, मे १९६० मध्ये अर्जेंटिनातून आइकमनला आणला. पण तेव्हाही अर्जेंटिनाने संयुक्त राष्ट्रांत तक्रार नेली, सुरक्षा परिषदेने इस्रायलला भरपाई करायला सांगितलं आणि पुढे दोन देशांनी संयुक्त निवेदन काढून ते मिटवलं. लाखो ज्यूंच्या कत्तलीचा तो हिशोब होता, आणि ज्याने केलं ते एक देश होतं, ज्याला नंतर जगासमोर त्याचं उत्तर द्यावं लागलं. माणशी हजार रुपये वर्गणी काढून नेमलेला माणूस कुणाला उत्तर देणार?

मग मी त्यांना म्हटलं, "मामा, मार्सेलिसची उडी आठवते का?"

आठवते म्हणजे काय. आपल्या शाळेत ती प्रत्येकाने ऐकलेली. ८ जुलै १९१०, मोरिया बोट, सावरकरांनी समुद्रात घेतलेली उडी, फ्रान्सच्या किनाऱ्याला लागणं. आपण गोष्ट तिथेच थांबवतो, नाहीतर थेट अंदमानात जातो. मधला भाग असा. किनाऱ्यावर एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरून पुन्हा बोटीवरच्या ब्रिटिश पोलिसांच्या हवाली केलं. फ्रान्समध्ये ओरड झाली की आमच्या भूमीवर आलेल्या माणसाला अशा रीतीने कसं काय परत नेलं? रीतसर प्रत्यार्पण कुठे झालं? प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला लवादाने निकाल दिला. ताब्यात देण्यात अनियमितता झाली असेल, पण त्यामुळे ब्रिटनवर सावरकरांना परत करण्याचं बंधन येत नाही. म्हणजे कराला जे उत्तर मिळालं, तेच. माणूस कसा हाती आला ते बघणार नाही, आला ना, मग झालं. त्या निकालाचा राग मराठी घरांत शंभर वर्षं आहे, आणि तो योग्यच आहे.

मामा तडकले. "त्या चोराच्या शेजारी सावरकरांचं नाव घेतीस व्हय गं?"

त्यांचा राग मला समजला. मी माणसांची तुलना करत नव्हते. कुठे सावरकर, कुठे हा. आणि तिथे कुणी भाडोत्री माणसाने उचललंही नव्हतं, शिपायाची चूक होती. पण परक्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला तिथल्या कायद्याला वळसा घालून नेता येतं का, हा प्रश्न तोच आहे. १९११ मध्ये आपण म्हणालो, नाही नेता येत. मग नियम माणूस बघून बदलायचा का? बदलला, तर तो माणूस कोण, हे ज्याच्या हातात दोरखंड आहे तो ठरवतो. तेव्हा दोरखंड इंग्रजांच्या हातात होता.

त्यावर मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मग चोक्सीचं काय?"

हा प्रश्न मात्र नेमका होता, आणि त्याचं उत्तर मला अपेक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडलं. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून तेरा हजार कोटींहून जास्त रकमेचा घोटाळा झाल्याचा जो आरोप आहे, त्यातला मेहुल चोक्सी २०१८ मध्ये देश सोडून गेला आणि अँटिग्वाचा नागरिक झाला. मे २०२१ मध्ये तो तिथून गायब झाला आणि शेजारच्या डॉमिनिका बेटावर पोलिसांच्या ताब्यात दिसला. मला पळवून बोटीने आणलं, असं त्याचं म्हणणं. भारत सरकारने ते मान्य केलेलं नाही आणि कुठल्या न्यायालयात ते सिद्धही झालेलं नाही. पण परिणाम बघा. भारतातून पथक विशेष विमान घेऊन डॉमिनिकाला गेलं आणि रिकाम्या हाताने परतलं. जुलैमध्ये चोक्सी जामिनावर पुन्हा अँटिग्वात. पुढच्या वर्षी त्याच्यावरची इंटरपोलची रेड नोटीसच मागे घेतली गेली, आणि पळवून नेल्याचा हा संशय त्यामागच्या कारणांत होता. अपहरण झालं की नाही हे देव जाणे, पण नुसत्या संशयाने एवढं नुकसान केलं. शेवटी तो सापडला तो साध्या मार्गाने. एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या विनंतीवरून बेल्जियमच्या पोलिसांनी त्याला अटक केली आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने प्रत्यार्पणाला संमती दिली.

मामांची बाजूही मी इथे प्रामाणिकपणे मांडते, कारण ती खोटी नाही. साधा मार्ग फार लांब आहे. तहव्वुर राणाला भारताच्या मागणीवरून २०२० मध्ये अमेरिकेत पुन्हा अटक झाली आणि तो दिल्लीला उतरला एप्रिल २०२५ मध्ये. ही २६/११ सारख्या प्रकरणाची गत. एका तालुक्यातल्या पतसंस्थेच्या चेअरमनसाठी दिल्लीत कोण फाइल हलवणार? "तवर मी असतो का?" असं मामांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरकारं सुस्त असतात म्हणूनच लोकांना डॉग चॅपमन आवडतो. एफबीआय लस्टरला शोधत होतं आणि पकडला मात्र त्याने. हे मान्य न करता जे कायद्याचं व्याख्यान देतात, त्यांचे पैसे कधी बुडाले नसावेत.

पण मी मामांची भाची असले तरी दुसऱ्याच्या देशात राहणारी बाईसुद्धा आहे. माझ्यासारख्यांना इथे आणि तुमच्यापैकी अनेकांना आखातात, इंग्लंडात, मॉरिशसमध्ये काय धरून ठेवतं? व्हिसा, एक करार, आणि ज्या जमिनीवर उभे आहोत तिथला कायदा. भाड्याने माणूस लावून सीमेपलीकडून उचलता येतं असं एकदा ठरलं, की त्याचा उपयोग फक्त बुडव्या चेअरमनवर होणार नाही. आपल्या लोकांत नवरा-बायकोचं फाटतं आणि मूल एका देशात, आई नाहीतर बाप दुसऱ्या देशात, अशी घरं प्रत्येक मराठी मंडळात एखादं तरी आहे. मुलांना दुसऱ्या देशात नेण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही, त्यामुळे अशा भांडणाला लवकर तोड निघत नाही. आणि मूल "परत आणून देणारी" माणसंही पैसे घेऊन मिळतात. एप्रिल २०१६ मध्ये बैरुतच्या रस्त्यावरून दोन मुलांना असं उचलताना आईसह ऑस्ट्रेलियाची टीव्हीची मंडळी आणि भाडोत्री माणसं तुरुंगात गेली. त्या आईची बाजू खरी असेलही. पण रस्त्यावर आजीच्या हातातून ओढल्या गेलेल्या मुलांना ती कशी कळणार? लेबनॉनने त्यांना धरलं यात मला काही चूक वाटत नाही. धरल्यावर आईची व्यथा बघून सौम्यपणे वागणं, हे धरणाऱ्या देशाचं काम. मेक्सिकोलाही ती संधी मिळायला हवी होती. कोण जाणे, तिथल्या न्यायाधीशाने लस्टरचा गुन्हा बघून चॅपमनला दंड करून घरी पाठवलं असतं.

भारतात तर साध्या नागरिकाला दुसऱ्याला पकडण्याचा अधिकार अगदी थोडा आहे. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा केला, किंवा कोर्टाने फरारी घोषित केलेला असला, तर धरून ताबडतोब पोलिसांच्या हवाली करायचं. तेही भारतात. आखातात जाऊन हे करणारा तिथल्या तुरुंगात जाईल आणि वर्गणी काढणाऱ्या ठेवीदारांची नावं पहिल्या चौकशीतच बाहेर येतील. मामांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले. "म्हणजे चेअरमन मॉलमधी आनि आम्ही आत."

मग मी त्यांना विचारलं, "मामा, तो सापडला तरी पैसे मिळतील असं वाटतं का तुम्हाला?" पैसे निघालेच तर एमपीआयडी कायद्याखाली जप्त झालेल्या मालमत्तेतून निघतील. चेअरमनची शाळेमागची जमीन आणि मुलाच्या नावावरचा बंगला, या दोन्हींचा लिलाव अडला आहे तो सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात. त्यासाठी मेक्सिकोची गोष्ट लागत नाही.

"पैसे येतील न येतील," मामा म्हणाले. "मला तो कोर्टात हुबा ऱ्हायलेला बघायचाय. त्यानं माझ्याकडं बघावं. एवढंच."

हे ऐकल्यावर मी वाद घातला नाही. कोर्टात उभा राहावा असं वाटत असेल तर तो कोर्टाच्याच वाटेने आला पाहिजे, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण बोलले नाही. एवढंच म्हटलं, की तुमच्या समितीने आर्थिक गुन्हे शाखेला एक लेखी अर्ज द्यावा. फरारी घोषित करून वॉरंट काढलंय का, आणि रेड नोटीससाठी राज्याकडून सीबीआयकडे प्रस्ताव गेलाय का, हे दोन प्रश्न तारखेसह विचारावेत. परदेशी तपासयंत्रणांशी बोलायचं काम भारतात सीबीआयकडे आहे, तालुक्याच्या पोलिस ठाण्यात विचारून उपयोग नाही. तो कुठे दिसला, कधी दिसला, कुणी पाहिला, हे मेहुण्याकडून लिहून घ्यावं. त्याने पाठलाग मात्र करू नये.

मामांनी अर्ज वहीच्या कागदावर लिहिला. कंडक्टरचं अक्षर, एकेक ओळ सरळ. परवा त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, दुसरं पान उलटं. सोबत निरोप होता: वर्गणीचे एक्केचाळीस हजार जमले आहेत, लोक परत मागत नाहीत, वकिलाला दिले तर चालतील का विचार.